लक्ष लागण्याची गोळी आणि मनाचा तोल



घरात कुणाला बायपोलरचा आजार असला आणि दोन-तीन वर्षांच्या औषधांनंतर त्याचे बस्तान बसले, की घरच्यांना हायसे वाटते. रात्रीची झोप लागते, आरडाओरडा थांबतो, पाहुणे आले तर माणूस चार शब्द बोलतो. मग हळूहळू दुसरी तक्रार सुरू होते. मुलगा पुस्तक उघडून बसतो, पण तासभर पान उलटत नाही. सून गॅसवर दूध ठेवते आणि विसरून जाते. दुकानात बसणारा भाऊ हिशेब अर्धा टाकून उठतो. अशात कुणीतरी सांगते, ‘याला एडीएचडी असेल. त्यावर गोळी मिळते. आमच्या ओळखीच्या मुलाला फार फरक पडला.’ लगेच घरात दोन पक्ष पडतात. अम्मी म्हणते, देऊन बघू, पोराचे वर्ष वाया जातेय. अब्बू म्हणतात, आणखी एक मेंदूची गोळी नको.

या महिन्यात आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ही गोळी विष नाही आणि खडीसाखरही नाही. तिचा धोका बराचसा एकाच गोष्टीवर ठरतो: ती सुरू करताना मनाचा तोल सांभाळणारे दुसरे औषध चालू आहे की नाही, आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली आहे की नाही.

आजार आणि गोळी

बायपोलर म्हणजे तापट स्वभाव नव्हे. या आजारात मन दोन टोकांना जाते. एका टोकाला नैराश्य: अंथरुणातून उठवत नाही, जेवण नको, कुणी नको, कधी कधी जगणेच नको. दुसऱ्या टोकाला उन्माद, ज्याला डॉक्टर मेनिया म्हणतात: दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणे थांबत नाही, एकाच दिवसात दहा योजना, पैसा पाण्यासारखा जातो, कुणी अडवले तर राग अनावर होतो. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर २०० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार घरे तरी अशी असणारच, मग ती बोलोत वा न बोलोत.

यावर मूड स्थिर ठेवणारी औषधे दिली जातात. लिथियम हे त्यातले जुने आणि नावाजलेले. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन, ओलान्झापिन ही नावेही अनेक घरांच्या औषधाच्या डब्यात सापडतील.

लक्ष लागण्याची गोळी निराळ्या वर्गातली, उत्तेजक औषधांची. आपल्याकडे त्यात मुख्यतः मेथिलफेनिडेट दिले जाते. ते १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले आणि पुढे रिटालिन या नावाने जगभर गेले. मेंदूत डोपामीन आणि नॉरअॅड्रिनॅलिन ही दोन रसायने आहेत. ती एका पेशीतून बाहेर पडली की थोड्याच वेळात परत शोषली जातात. ही गोळी ते शोषणे रोखते, त्यामुळे रसायने जास्त वेळ काम करतात. एडीएचडी असलेल्या माणसाचे भरकटणारे लक्ष त्यामुळे एका जागी टिकते. साधी गोळी साधारण चार तास चालते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. भूक कमी होणे, झोप उशिरा लागणे, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणे हे तिचे नेहमीचे त्रास.

आता अडचण ध्यानात येईल. उन्मादात डोपामीनची यंत्रणा आधीच जोरात चालते असे तज्ज्ञ मानतात. जे मन आपणहून वेग घेते, त्याला आणखी वेग देणारे औषध द्यायचे आणि वर झोपही कमी करायची, म्हणजे उतारावरच्या गाडीला मागून ढकलण्यासारखे होऊ शकते. म्हणूनच युरोपात या औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, की तीव्र स्वरूपाचा बायपोलर आजार आटोक्यात नसेल तर हे देऊ नये.

एकच गोळी, दोन निकाल

मग आटोक्यात असेल तर? याचे चांगले उत्तर स्वीडनमधून मिळाले. त्या देशात प्रत्येक माणसाच्या औषधांची आणि रुग्णालयातील दाखल्यांची सरकारी नोंद राहते. तिथल्या संशोधकांनी २००६ ते २०१४ या काळात मेथिलफेनिडेट सुरू केलेल्या २,३०७ बायपोलर रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष छापले. त्यांनी एका माणसाची दुसऱ्याशी तुलना केली नाही. त्याच माणसाचा गोळी नसतानाचा काळ आणि गोळी सुरू झाल्यानंतरचे महिने त्यांनी शेजारी ठेवून पाहिले.

जे रुग्ण मूड स्थिर ठेवणारे औषध न घेता नुसतीच ही गोळी घेत होते, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका सुमारे ६.७ पट झाला. जे दोन्ही औषधे घेत होते, त्यांच्यात तो वाढला नाही, उलट थोडा कमी दिसला.

हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. उन्मादाचे झटके मोजकेच होते, त्यामुळे खरा आकडा दोन पट असू शकतो किंवा वीस पटही. शिवाय दोन्ही औषधे ज्यांना मिळाली, त्यांच्यावर डॉक्टरांची नजरही अधिक असणार. पण दिशा स्पष्ट आहे. तीच गोळी एका गटात घातक ठरली आणि दुसऱ्यात नाही. दोन्हींत मोठा फरक होता तो सोबतच्या औषधाचा.

आपल्या घरांत नेमकी उलट चूक होते ती इथेच. माणूस बरा दिसू लागला की पहिली कात्री लिथियमवर चालते. ‘आता कशाला रोज गोळी? किडनी खराब होईल. सुस्ती येते. वजन वाढते.’ मूडचे औषध असे हळूच बंद होते, आणि मग लक्ष लागत नाही म्हणून दुसरी गोळी येते. स्वीडनच्या पाहणीत धोका वाढलेला गट तो हाच. लिथियमचे त्रास खरे आहेत. त्यासाठी ठरावीक काळाने रक्तातील पातळी, किडनी आणि थायरॉईड तपासावे लागते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलता येते. आपल्या मनाने ते बंद करणे हा उपाय नव्हे.

आणखी एक सूचना. अमेरिकेत याच कामासाठी अॅम्फेटामीन वर्गातील औषधे सर्रास दिली जातात. उन्माद किंवा भ्रम होऊन रुग्णालयात आलेल्या तरुणांचा तिथला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. अॅम्फेटामीनची मोठी मात्रा घेणाऱ्यांत असा झटका येण्याची शक्यता पाच पटींहून अधिक दिसली; मेथिलफेनिडेटच्या बाबतीत तशी वाढ दिसली नाही. तेव्हा परदेशातून आलेल्या भावाने बॅगेतून ‘डोके चालवणारी’ बाटली आणली असेल, तर ती बायपोलर असलेल्या मुलाच्या हाती पडू देऊ नका. परीक्षेच्या काळात मित्राकडून मिळालेली मोडाफिनिलची गोळी, वजन घटवण्याच्या नावाखाली विकली जाणारी पावडर, एनर्जी ड्रिंकचे डबे, रात्री जागण्यासाठी कडक चहाचे कप, या सगळ्याची गणती याच खात्यात करावी.

खरोखर एडीएचडी आहे का?

गोळीचा विचार करण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. दोन्ही आजार एका माणसाला असू शकतात, आणि तसे कमी नाहीत. निरनिराळ्या अभ्यासांचा मेळ घातला तर बायपोलर असलेल्या साधारण सहा प्रौढांपैकी एकाला एडीएचडीही असतो. म्हणजे उरलेल्या पाचांचे लक्ष लागत नसेल तर कारण दुसरे आहे.

ओळखीची खूण काळात आहे. एडीएचडी लहानपणापासून असतो, १२ वर्षांच्या आत त्याची लक्षणे दिसलेली असतात आणि तो सुट्टी घेत नाही. बायपोलर झटक्यांनी येतो आणि जातो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके काढा. चौथी-पाचवीच्या बाईंनी ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही, वस्तू हरवतो, जागेवर बसत नाही’ असे लिहिले असेल तर तो मोलाचा पुरावा आहे. मुलगा दहावीपर्यंत व्यवस्थित होता आणि पहिल्या झटक्यानंतरच लक्ष उडाले असेल, तर आधी इतर कारणे तपासावीत. उरलेसुरले नैराश्य असेल. झोप अपुरी असेल. एखाद्या औषधाची मात्रा जास्त होऊन गुंगी येत असेल. लिथियममुळे थायरॉईड मंदावला असेल. त्यानेही माणूस सुस्त आणि विसराळू होतो, आणि ते एका साध्या रक्ततपासणीत कळते. यांपैकी काही सापडले, तर उत्तेजक गोळीची गरजच उरत नाही.

न देण्याचीही किंमत असते

अब्बूंच्या बाजूला आम्ही एक गोष्ट सांगू. एडीएचडी खरोखर असेल आणि भीतीपोटी काहीच केले नाही, तर तेही फुकट पडत नाही. शिक्षण सुटते, नोकरी टिकत नाही, मोटारसायकल चालवताना लक्ष हटते, औषधांच्या वेळाही चुकतात. लिथियमची गोळी रोज विसरणारा माणूस शेवटी उन्मादाकडेच जातो. ‘आळशी’, ‘बेफिकीर’, ‘कामचोर’ हे शब्द ऐकून जो माणूस आतून खचतो, त्याचे नैराश्य कोण मोजणार? तेव्हा नकार देणे म्हणजे आपोआप सुरक्षित राहणे, असे नाही.

मधल्या वाटाही आहेत. दिनक्रम बांधून देणे, कामाचे लहान तुकडे करणे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, समुपदेशकाकडून सवयींचे प्रशिक्षण घेणे याने पुष्कळ फरक पडतो. अॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक वर्गाबाहेरचे औषधही आपल्याकडे मिळते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तेही काही जणांत उन्माद जागवू शकते. म्हणून त्यालाही देखरेख हवीच.

लपवाछपवी

धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. तिचे नाव कुठल्याही माहितीपत्रकावर नसते. ती म्हणजे आपली लपवाछपवी. मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाच्या नोकरीचा प्रश्न असतो. म्हणून बायपोलरची फाईल एका शहरातल्या डॉक्टरांकडे राहते आणि लक्षाची तक्रार घेऊन आपण दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे जातो. तिथे विचारतात, ‘पूर्वी काही मानसिक त्रास?’ आपण म्हणतो, ‘नाही, तसे काही नाही.’ डॉक्टर आपल्या शब्दावर विश्वास ठेवून गोळी लिहितात. आता मुलगा नुसत्याच उत्तेजक गोळीवर आहे, किंवा मूडचे औषध घेत असला तरी त्याची देखरेख कुणाकडेच नाही.

कधी माहिती लपवलेली नसते, ओळखलेलीच नसते. मधली एखादी महिनाभराची धामधूम ‘नजर लागली’, ‘बाहेरचे काही झाले’ म्हणून ताबीज आणि झाडफूक करून निभावलेली असते. दुआ अवश्य करावी, तिला कुणाची मनाई नाही. पण त्या महिन्यात माणूस किती झोपत होता, किती खर्च केला, काय बोलत होता हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. जवळच्या नात्यात कुणाला असा आजार होता का, कुणी आत्महत्या केली का, हेही सांगावे. अचानक रात्र-रात्र जागून नफल नमाजा, आपल्यावर काही खास जबाबदारी सोपवली आहे असे बोलणे, आणि झोप जवळजवळ नाहीच, असे एकत्र दिसले तर ती परहेजगारी समजून गप्प बसू नये. इबादतीने माणूस शांत होतो. तो भरधाव सुटला असेल तर आजाराचा विचार करावा.

सुरू केलीच तर

मानसोपचारतज्ज्ञांनी सगळे पाहून गोळी द्यायचे ठरवले, तर घराने ही तयारी ठेवावी.

१. मूडचे औषध किमान काही महिने नियमित चालू असावे आणि मन स्थिर असावे. उन्माद चालू असताना किंवा नुकताच ओसरला असताना सुरुवात नको.

२. दोन्ही औषधे एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली असावीत. सुरुवात लहान मात्रेने, वाढ सावकाश. रक्तदाब, नाडी आणि वजनाची नोंद ठेवावी.

३. सकाळची वेळ पाळावी. दुपारनंतर घेतलेली गोळी रात्रीची झोप खाते, आणि बायपोलरमध्ये झोप हीच पहिली भिंत.

४. पहिले तीन महिने वहीत रोज दोनच गोष्टी लिहाव्यात: किती तास झोप, आणि मन कसे. सलग दोन रात्री झोप निम्म्यावर आली आणि तरी थकवा नाही, तर तो दिवस वाया घालवू नये, डॉक्टरांना कळवावे.

५. अशा वेळी उत्तेजक गोळी लगेच थांबवायची का, हे पहिल्याच भेटीत विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. घाबरून लिथियम मात्र बंद करू नये.

६. ही गोळी नियंत्रित औषधांच्या यादीत येते. ती कुलपात ठेवावी, कुणाला उसनी देऊ नये.

वही कुणी ठेवायची, हे आजारी माणसाला विचारून ठरवा. त्याच्यावर पहारा बसवल्यासारखे झाले तर तो लपवू लागेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार माणूस बरा असताना आपली इच्छा लेखी नोंदवू शकतो: झटका आला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कुणी बोलावे. मन शांत असताना घरात बसून हे कागदावर आणले, तर वाईट दिवसांत भांडण टळते.

रमजान आणि प्रवास

आपल्या घरांसाठी हा मुद्दा वेगळा लिहायला हवा. कासाब्लांका येथे लिथियम घेणाऱ्या २० रुग्णांना रमजानमध्ये पाहिले गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचा आजार उलटला, आणि तोही रक्तातील लिथियमची पातळी ठीक असताना. पेशावरच्या २०१० सालच्या अभ्यासात मात्र पातळीही टिकली आणि रुग्णांची प्रकृतीही बिघडली नाही. म्हणजे सरसकट ‘रोजे ठेवा’ किंवा ‘ठेवू नका’ असे सांगता येत नाही. पण औषधाची पातळी ठीक असताना आजार उलटत असेल, तर पहिला संशय मोडलेल्या झोपेवर जातो. तरावीहनंतर गप्पा, मग सहरीपर्यंत जागरण, फजरनंतर दोन तासांची डुलकी, अशा महिन्यात उत्तेजक गोळीची भर पडली तर काय होईल? सहरीला घेतली तर ती सकाळची झोप घेते, इफ्तारनंतर घेतली तर रात्रीची. दिवसभर पाणी नाही आणि गोळीने भूकही मेलेली, अशात शरीर कोरडे पडले तर लिथियमची पातळी धोकादायकरीत्या चढू शकते. हात थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. म्हणून रमजानची वाट न पाहता शाबानमध्येच डॉक्टरांकडे जावे. आजाऱ्याला सवलत आहे हे आपण सारे जाणतो. डॉक्टरांचे मत हाती घेऊन आपल्या आलिमांशी बोलावे आणि ठरल्यावर त्या माणसाला घरात कुणी टोमणा मारू नये.

कोकणातून आणि मुंबईतून आखातात जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया अशा देशांत नियंत्रित औषधे नेण्यासाठी आधी परवानगी लागते. उमरा किंवा नोकरीसाठी निघण्यापूर्वी चौकशी करावी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन जवळ ठेवावे. परवानगीच्या भीतीने मूडचे औषध घरी ठेवून जाऊ नये.

सल्ला कुठे घ्यायचा, असे विचाराल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मोफत मिळते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागाची चौकशी करावी. जगणे नको असे कुणी बोलू लागले, तर उद्याची वाट पाहू नका.

गोळी घ्यावी की नाही, याचे एकच उत्तर सगळ्या घरांना लागू पडणार नाही. पण उत्तर शोधण्याचा क्रम सगळ्यांसाठी सारखा आहे: आधी झोप आणि मूडचे औषध, मग खरे निदान, मग सगळी हकीकत एकाच डॉक्टरांपुढे, आणि त्यानंतर गोळीचा विचार. अम्मी आणि अब्बू दोघांनी मिळून त्या डॉक्टरांकडे जावे, मुलालाही बोलू द्यावे, आणि जुनी फाईल घरी विसरू नये. अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो.